डोंगराळ नदीखोऱ्यांतलं हिम: कोल्हापुरातून अभ्यास करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोल, पर्यावरण आणि स्थापत्यचे विद्यार्थी उपग्रहचित्रांवर प्रकल्प करतात तेव्हा, आणि मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जाणारी मंडळी परत येतात तेव्हा, हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं जिथे आकड्यांशिवाय कळत नाहीत तिथे आकडे दिले आहेत. उदाहरणं शक्यतो पंचगंगेच्या खोऱ्यातली घेतली आहेत, कारण ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे.

सह्याद्रीत हिम का पडत नाही? उंची कमी पडते का?

हो, आणि थोडीथोडकी नव्हे. हवेचं तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे आणि महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर. म्हणजे फरक जेमतेम सात अंशांचा. आपल्या अक्षांशावर शून्य अंशाची पातळी वर्षभर साधारण साडेचार-पाच हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर असते. दुसरं कारण असं की इथे जेव्हा पाऊस असतो तेव्हा थंडी नसते, आणि थंडी असते तेव्हा हवा कोरडी असते. हिमाला दोन्ही एका वेळी लागतात.

मग महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात ते काय?

ते गोठलेलं दहिवर. वरून काही पडत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, थंड झालेली जड हवा उतारावरून घसरून तलावाच्या खोलगट भागात साचते आणि गवताच्या पात्यांवर पारा शून्याला टेकतो. तेव्हा वरच्या टेकाडावर चार-पाच अंश जास्त असू शकतात. भूरूप उंचीचा नियम कसा उलटा करतं याचा हा घरचा नमुना. हिमालयातल्या दऱ्यांत हिवाळ्यात हेच मोठ्या प्रमाणावर होतं, आणि दरीच्या तळाशी असलेल्या केंद्राचा तापमान-आकडा वर ताणून नेणाऱ्यांची गणितं तिथेच बिघडतात.

हिमरेषा नेमकी किती मीटरवर असते?

हिमरेषा म्हणजे जिच्या वर जमीन हिमाने झाकलेली असते ती उंची. तिचा एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पश्चिम हिमालयात जानेवारी-फेब्रुवारीत ती दोन-अडीच हजार मीटरपर्यंत खाली येते, आणि उन्हाळा संपताना साडेचार ते साडेपाच हजारांपर्यंत वर जाते. एकाच दिवशी, एकाच दरीत, समोरासमोरच्या दोन उतारांवरही ती काही शे मीटर वरखाली असते. म्हणून अहवालात नुसती ‘हिमरेषा’ लिहू नये. तारीख, खोरं आणि उताराची दिशा या तीन गोष्टी सोबत हव्यात.

हिमालयात हिम आणतो कोण? मान्सून?

पश्चिमेकडे मुख्यतः मान्सून नाही. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड इथलं हिवाळी हिम पश्चिमी विक्षोभ आणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणाऱ्या या प्रणाली डिसेंबर ते मार्च या काळात एकामागून एक येतात. सिक्कीम-अरुणाचलकडे चित्र वेगळं. तिथे वर्षभरातला मोठा वाटा मान्सूनचाच, त्यामुळे फार उंचावरच्या हिमनद्यांवर भर पडते ती ऐन उन्हाळ्यात, आणि वितळही त्याच महिन्यांत. अशा ठिकाणी तापमान जरा वाढलं की दुहेरी फटका बसतो. वितळ वाढते ती वेगळीच, शिवाय जे हिम म्हणून पडलं असतं ते पाऊस होऊन वाहून जातं, आणि खालचं जुनं मळकट हिम उन्हात उघडं पडतं.

मनालीच्या वर बर्फाचे ढीग आणि लेहला सगळं कोरडं, असं का? उंची तर लेहची जास्त.

गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजारभर, आणि शिरोळपर्यंत पोचेपर्यंत पाच-सहाशे उरतो. शंभर किलोमीटरच्या आत ही घसरण. घाटमाथ्याला धडकून वर चढलेले ढग आपलं पाणी तिथेच टाकतात. पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा हिवाळी विक्षोभांशी हेच करतात. रोहतांग (३,९७८ मीटर) ओलांडून लाहौलमध्ये गेलं की हिमपात कमी होत जातो, आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला वर्षभराचा पाऊस-हिम मिळून साधारण शंभर मिलिमीटर.

थंडी भरपूर आहे, पण पडायला काही नाही. म्हणूनच कोरड्या खोऱ्यांत हिमरेषा ओल्या खोऱ्यांपेक्षा उंच सापडते. विद्यार्थ्यांना हे उलटं वाटतं. थंड प्रदेशात हिमरेषा खालीच असणार, असं ते गृहीत धरतात.

आणखी एक भाग. कोरड्या, वादळी, कडक उन्हाच्या हवेत हिमाची थेट वाफ होते. एक किलो हिम वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, त्याची थेट वाफ करायला सुमारे २,८३४, म्हणजे साडेआठपट. त्यामुळे या मार्गाने हिम सावकाश जातं, पण जेवढं जातं त्याचा एक थेंबही नदीला मिळत नाही.

उताराची दिशा खरंच एवढी महत्त्वाची आहे?

गणित करून पाहा. ३२ अंश उत्तर अक्षांश (कुलू-मनालीचा पट्टा), २१ डिसेंबर, भर दुपार. सूर्य क्षितिजापासून ३४.५ अंश वर असतो. तीस अंशांच्या दक्षिणमुखी उतारावर किरण ६४.५ अंशांनी पडतात आणि त्याच चढाच्या उत्तरमुखी उतारावर केवळ ४.५ अंशांनी. दोन्ही कोनांच्या ज्या (साइन) काढल्या तर ०.९० आणि ०.०८. थेट उन्हात अकरापट तफावत!

आता २१ जून घ्या. सूर्य ८१.५ अंशांवर, आणि तेच आकडे ०.९३ आणि ०.७८ होतात. फरक जवळजवळ मिटला. म्हणून दिशेचा परिणाम हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये ठळक दिसतो. जूनमध्ये उरतो तो मुख्यतः आधीच्या महिन्यांतल्या शिलकीचा फरक. प्रकल्पात दिशेचं विश्लेषण करायचं तर जूनची चित्रं घेऊ नका. दिशा ठरवताना आठ भाग करण्याचा सोस अनेकांना असतो, पण उपग्रहचित्राच्या पाचशे मीटरच्या चौकटीत (पिक्सेलमध्ये) एवढा बारीक भेद अनेकदा पुसून जातो. तिथे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम पुरे.

आणि वारा?

वारा हिमाची फेरवाटणी करतो. ताजं भुसभुशीत हिम उडायला सेकंदाला पाच ते आठ मीटर वेग पुरतो, आणि पुढे वाहून नेलेलं प्रमाण ढोबळमानाने वेगाच्या घनासारखं वाढतं. वेग दुप्पट, तर वाहतूक आठपटीच्या घरात. धारेची वाऱ्याकडची बाजू खरवडली जाते आणि आडोशाच्या बाजूला कित्येक मीटर जाडीचा थर साचतो, वर धारेबाहेर झुकलेली हिमाची छत्री तयार होते. याच कारणाने धारेवर रोवलेली मापनकाठी खोऱ्याबद्दल काही सांगत नाही. सपाट, आडोशाचं, झाडांपासून दूरचं मोकळं ठिकाण निवडावं लागतं.

पर्जन्यमापकाचंही तसंच. पाऊस तो बऱ्यापैकी पकडतो, पण हिमकण हलके, ते मापकाच्या तोंडावरून वाऱ्याबरोबर निघून जातात. उघड्या जागेवर निम्म्याहून अधिक हिम मोजलंच जात नाही, असंही घडतं. नदीला मापकाने दाखवलेल्यापेक्षा जास्त पाणी आलं की बरेच जण सगळा दोष हिमनदी वितळण्यावर टाकतात. आधी मापकाभोवती वारारोधक पडदा आहे का ते पाहावं.

एक मीटर हिम म्हणजे किती पाणी?

कोणतं हिम, यावर अवलंबून. नुकतंच पडलेलं असेल तर घनमीटरला ५० ते १०० किलो, म्हणजे ५ ते १० सेंटिमीटर पाणी. काही आठवडे बसलेलं असेल तर २०० ते ३००. एप्रिल-मेचं ओलं, दाणेदार हिम ४०० ते ५००. बर्फ ९१७. जाडी निम्मी झाली म्हणून पाणी निम्मं झालं असं नसतं. अनेकदा थर फक्त दबलेला असतो.

मोजायची पद्धत जुनी आणि साधी आहे. दातेरी तोंडाची नळी सरळ उभी धरून फिरवत जमिनीपर्यंत घुसवायची, बाहेरून जाडी वाचायची, नळी उपसून तळाला चिकटलेली माती-गवत कापून टाकायचं आणि वजन करायचं. समजा नळीचं छेदक्षेत्र ३० चौरस सेंटिमीटर, जाडी १२० सेंटिमीटर आणि हिमाचं वजन १,०८० ग्रॅम. १,०८० भागिले ३० म्हणजे ३६ सेंटिमीटर पाणी, घनता ०.३०.

चुका ठरलेल्या असतात. मातीचं बूच तसंच राहिलं तर वजन फुगतं. मधल्या बर्फाच्या कडक पापुद्र्याने हिम नळीत न शिरता बाजूला ढकललं तर वजन कमी येतं, म्हणून आतल्या गाभ्याची लांबी बाहेरच्या जाडीशी ताडून पाहावी. नळी उन्हात तापली असेल तर हिम आत वितळून पुन्हा गोठतं आणि निघता निघत नाही. मोजण्याआधी ती सावलीत गार होऊ द्यावी.

उपग्रहचित्रांवरून हिमाचा नकाशा कसा करायचा? टप्पे सांगा.

हिमाचलमधलं, पंडोह धरणापर्यंतचं बियास खोरं उदाहरण धरू, क्षेत्र सुमारे ५,३०० चौरस किलोमीटर. रोजच्या नोंदीसाठी मोडिस (टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचा संवेदक) सोयीचं. टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये सुटला, अ‍ॅक्वा मे २००२ मध्ये. चौकट ५०० मीटरची. बारीक तपशील हवा तर सेंटिनेल-२ (१० आणि २० मीटर) किंवा लँडसॅट (३० मीटर), पण त्यात रोजचं चित्र मिळत नाही.

१. खोऱ्याची सीमा उंची-प्रतिमानावरून (प्रत्येक चौकटीची उंची देणाऱ्या डीईएम फाइलवरून) काढा. एसआरटीएम किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोसॅट, दोन्ही ३० मीटरची. बाहेर पडण्याचा बिंदू नदीच्या चौकटीवर नेमका बसवा. एक चौकट बाजूला गेला तर खोऱ्याऐवजी ओढा हाती लागतो.

२. मोडिसचा एच२४-व्ही०५ तुकडा उतरवा. नकाशाचा प्रक्षेप यूटीएम ४३ उत्तर, सॉफ्टवेअरमधला त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. कोल्हापूर आणि मनाली एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे पंचगंगेवर काम केलेल्यांना ही मांडणी तयारच मिळते.

३. प्रक्षेप बदलताना ‘निकटतम चौकट’ हीच पद्धत निवडा. इथे सर्वाधिक प्रकल्प फसतात. या फाइलींत ० ते १०० हे हिमनिर्देशांकाचे (तो काय ते पुढच्या प्रश्नात) आकडे असतात आणि २५० म्हणजे ढग. सरासरी काढणारी पद्धत वापरली तर ढग (२५०) आणि उघडी जमीन (०) यांच्या सीमेवर ६० किंवा ७० असे आकडे तयार होतात, आणि नकाशात प्रत्येक ढगाला हिमाची झालर लागते.

४. ढग काढा. टेराचा फेरा मुळात सकाळी साडेदहाच्या सुमाराचा, अ‍ॅक्वाचा दुपारी दीडचा. टेरात ढग असलेली चौकट अ‍ॅक्वात मोकळी असेल तर ती घ्या. उरलेल्यांसाठी आदल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे हिम असेल तर मधल्या दिवशीही हिम धरा. त्यानंतरही चाळीस टक्के ढग उरले असतील तर तो दिवस सोडून द्या. हट्टाने भरलेली चौकट नंतर त्रास देते.

५. खोऱ्याचे ५०० मीटर उंचीचे पट्टे करा आणि प्रत्येक पट्ट्यात हिमाचा टक्का काढा. संपूर्ण खोऱ्याचा एकच टक्का देऊ नका. त्यात सगळं भूरूप हरवतं.

हिम आणि ढग दोन्ही पांढरे. संगणकाला कसं कळतं?

डोळ्याला पांढरे, पण १.६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यात हिम जवळजवळ काळं दिसतं आणि पाण्याच्या थेंबांचे ढग उजळच राहतात. हिरव्या पट्ट्यातून हा पट्टा वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचं, की हिमनिर्देशांक मिळतो. या दोन पट्ट्यांतलं परावर्तन हिमासाठी ०.८० आणि ०.१० धरलं तर उत्तर ०.७८. ढगासाठी ०.६० आणि ०.४५ धरले तर ०.१४. रूढ उंबरठा ०.४.

फसगत पाण्यापाशी होते. खोल तलावाचे आकडे ०.०६ आणि ०.०१ असले तरी निर्देशांक ०.७१ येतो आणि तलाव हिम ठरतो. त्यासाठी जवळच्या अवरक्त पट्ट्यात परावर्तन ०.११ पेक्षा जास्त असावं अशी जोडअट घालतात. दाट देवदार-रईच्या जंगलात उलट चूक होते, हिम फांद्यांखाली असतं आणि उपग्रहाला झाड दिसतं. तिथे उंबरठा खाली आणावा लागतो. हिमकणांचे उंच पातळ ढग मात्र या कसोटीलाही चकवतात.

तापमान एक अंशाने वाढलं तर किती हिम कमी होईल?

१ भागिले ६.५, म्हणजे हिमरेषा साधारण १५० मीटर वर सरकेल. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. त्या दीडशे मीटरच्या पट्ट्यात जमीन किती आहे, हा खरा प्रश्न.

समजा दोन खोरी, दोन्ही हजार चौरस किलोमीटरची, दोन्हींत हिमरेषा ३,००० मीटरवर. पहिल्यात ३,००० ते ३,५०० मीटरमध्ये ६०० चौरस किलोमीटर जमीन आहे, रुंद पठारी. दुसऱ्यात तिथे उभे कडे, फक्त १५० चौरस किलोमीटर. एका अंशाने पहिलं खोरं १८० चौरस किलोमीटर हिम गमावेल, दुसरं ४५. हवामान एकच, नुकसान चौपट. म्हणून कुठल्याही खोऱ्याच्या अभ्यासात पहिला आलेख उंची आणि क्षेत्राचा काढावा, तापमानाचा नंतर.

वितळून नदीला किती पाणी येईल, याचा साधा हिशोब?

अंश-दिवस पद्धत. शून्याच्या वरच्या प्रत्येक अंशाला दिवसाला ३ ते ५ मिलिमीटर हिम वितळतं असं धरतात. उघड्या बर्फाला ६ ते ८, कारण त्याचा रंग काळपट आणि तो ऊन जास्त पितो. ताजं हिम ऊन ८० ते ९० टक्के परतवतं, जुनं मळकट ४० ते ६०.

उदाहरणार्थ: २,०५० मीटरवरच्या केंद्रावर दिवसाची सरासरी १८ अंश. पट्टा ३,५०० ते ४,००० मीटर, मध्य ३,७५०. उंचीतला फरक १,७०० मीटर, घट ११ अंश, उरले सुमारे ७. गुणक ४ धरला तर दिवसाला २८ मिलिमीटर. पट्ट्याचं क्षेत्र ४०० चौरस किलोमीटर आणि हिम ६० टक्के, म्हणजे २४० चौरस किलोमीटर. गुणाकार केला की दिवसाला सुमारे ६७ लाख घनमीटर, अर्थात सेकंदाला ७८ घनमीटर, किंवा २,७०० क्युसेकच्या आसपास. राधानगरीचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येकी १,४२८ क्युसेकने जेवढं पाणी सुटतं, त्याहून किंचित कमी. यातलं काही जमिनीत मुरतं, काही थरातच अडतं.

दोन इशारे. एक, क्षेत्र नकाशावरचंच घ्या. चाळीस अंशांच्या उताराचं पृष्ठभागाचं क्षेत्र नकाशापेक्षा १.३ पट भरतं, पण हिमाची जाडी उभी मोजलेली असते, त्यामुळे उताराचं क्षेत्र घेतलं की पाणी फुकटचं वाढतं. दोन, ६.५ हा आकडा बारा महिने वापरू नका. जमिनीलगतची घट मान्सूनपूर्व महिन्यांत तीव्र असते, मान्सूनमध्ये आणि हिवाळ्यात सौम्य.

पाऊस हिमावर पडला की ते लगेच वितळतं ना?

पावसाच्या स्वतःच्या उष्णतेने फारसं नाही. पाच अंशांचा १० मिलिमीटर पाऊस चौरस मीटरला २१० किलोज्यूल आणतो, त्यातून ०.६ मिलिमीटर हिम वितळेल. खरं काम सोबतचा उबदार दमट वारा करतो. एक किलो बाष्प हिमावर सांद्रित झालं की सुमारे २,५०० किलोज्यूल सोडतं, म्हणजे साडेसात किलो हिमाची वितळ. शिवाय थर आधीच पाण्याने भरलेला असेल तर पाऊस अडत नाही, थेट ओढ्यात जातो. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर मोसमाच्या सुरुवातीलाच अतिवृष्टी झाली तेव्हा उंचावर हिम शिल्लक होतं. त्यात चोराबारी तलाव फुटला.

हिमनदी आणि हिमाच्छादन एकच का?

नाही. हिमाच्छादन हंगामी, येतं-जातं. हिमनदी वर्षानुवर्षांच्या शिलकीचा वाहता बर्फ. फेब्रुवारीच्या चित्रावरून हिमनद्यांची सीमा आखू नये. त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरचं, हिम सर्वांत कमी असलेलं चित्र घ्यावं.

यंदा हिमाच्छादन जास्त दिसतंय. नदीला पाणी जास्त येणार?

सांगता येत नाही. काल रात्री पडलेला तीन सेंटिमीटरचा थर आणि तीन मीटरचा थर उपग्रहाला सारखेच दिसतात.

दोन वर्षांची तुलना पुरे आहे का?

पुरत नाही. १५ फेब्रुवारीची दोन चित्रं शेजारी ठेवून ‘हिम घटलं’ म्हणणारे प्रकल्प दरवर्षी येतात. एका वर्षी आदल्या दिवशी विक्षोभ येऊन गेलेला असतो, दुसऱ्या वर्षी पंधरा दिवस कोरडे. टेरामुळे २००० सालापासूनची नोंद फुकट उपलब्ध आहे. ती सगळी वापरा. वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं धरा, नाहीतर एकच हिवाळा दोन वर्षांत चिरला जातो. मग प्रत्येक पट्ट्यासाठी हिम किती दिवस टिकलं ते मोजा. टक्क्यापेक्षा हे माप जास्त बोलतं.

ट्रेकसाठी यातलं काय उपयोगी?

हिमाच्या उतारावरून जायचं ते पहाटे. रात्री पृष्ठभाग गोठून टणक झालेला असतो. दहा-अकरानंतर पाय मांडीपर्यंत रुततो. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून उभ्या जागी हिम साचण्याआधीच घसरत राहतं. नव्या हिमानंतरचा आणि जोराच्या वाऱ्यानंतरचा पहिला दिवस, तसंच आडोशाच्या बाजूचा भरलेला उतार टाळावा. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे काढते, ते निघण्याआधी पाहावेत. मे महिन्यात उत्तरमुखी खिंडीवर हिम असेल आणि दक्षिणेची बाजू कोरडी असेल हे धरूनच सामान बांधा. चढताना न लागलेले क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे काटे) उतरताना लागतात.